तुंबडी आणि हालचाल

दुसऱ्याच्या पैशानें स्वतःची तुंबडी भरणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. परंतु दुखऱ्या पाठीवर लावावयाची तुंबडी किती जणांनीं पाहिली असेल?

तिचा इतिहास जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, तेराव्या अध्यायांत, रक्त काढण्यासाठीं शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे कडू भोपळा, हीं साधनें सांगितलीं आहेत. युनानी वैद्यकांतील हिजामा हा याच जातीचा उपचार. आमचें पिशोर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें आणि तेथें युनानी वैद्यकास राजाश्रय होता.

हिची क्रिया सोपी आहे. ज्योतीनें पेल्यांतील हवा तापते. पेला अंगावर ठेवितांच ती निवते, आंतील दाब कमी होतो आणि त्वचा व तिच्याखालचा मऊ भाग वर ओढला जातो. हल्लीं पंपानेंहि हवा काढितात. मर्दनानें स्नायु दाबले जातात, तुंबडीनें ते उचलले जातात. लहान रक्तवाहिन्या फुटून वाटोळे जांभळे डाग उठतात. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत जलतरणपटु मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावर जगानें तेच डाग पाहिले.

फळ्यावर लिहून लिहून माझा उजवा खांदा आंखडला होता. सदऱ्याच्या बाहींत हात जाईना. प्रथम मीं स्वस्थ पडून तुंबड्या लावून घेतल्या. दोन दिवस बरें वाटलें, तिसऱ्या दिवशीं दुखणें पूर्ववत्. पुढें व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं पेले खांद्यावर असतांनाच हात हळूहळू पुढें, वर व बाजूस न्यावयास लाविला आणि तोच व्यायाम घरीं रोज सांगितला. दीड महिन्यानें हात वर गेला.

हें श्रेय कोणाचें? माझ्या मतें बहुतेक व्यायामाचें. मान व पाठ यांच्या दुखण्यांत तुंबडीनें कांहीं काळ आराम पडतो असें प्रयोगांत दिसतें. पण ते बहुधा लहान आहेत, आणि पेला लावला कीं नाहीं हें रोग्यास कळतेंच, म्हणून मनाच्या समजुतीचा भाग वेगळा काढणें कठीण. वेदना कमी असते त्या अवधींत अवयव हलविणें, हाच तिचा खरा उपयोग.

रक्त पातळ करणारें औषध चालू असलेल्यांनीं किंवा त्वचेवर जखम असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून ती लावूं नये. हातापायांस बधिरपणा किंवा ताप असल्यास आधीं तपासणी करावी.

कापूस वेचून कंबर धरलेलीं माणसें मला म्हणतात, "गुरुजी, एक तुंबडी लावली कीं झालें." मी सांगतों, "लावा हवी तर. पण नंतर कंबर रोज हलवा. तें काम तुंबडी करणार नाहीं."