ब्रेक पॅड : कंपनीचे की बाहेरचे?



आपल्यापैकी पुष्कळांची मुले अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागात नोकरीस आहेत. सणासुदीला घरची गाडी गावी येते. उपनगरात सिग्नलगणिक ब्रेक लागतो, आणि मुंबईस परतताना बोरघाटाचा उतार. पॅड झिजतात. मग गॅरेजवाला विचारतो, "ओरिजनल टाकू की बाहेरचे?"

येथे एक ध्यानी घ्यावे. बाजारात पॅड दोन नव्हे, तीन प्रकारचे मिळतात. पहिले, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातले. दुसरे, ब्रेक्स इंडिया, राणे अशा ब्रेकचा माल बनविणाऱ्या कारखान्यांचे. हे कारखाने गाडी कंपन्यांनाही माल पुरवितात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. दर बहुधा कमी पडतो. तिसरे, नकली. खोके हुबेहूब, आतला मसाला हलका. घाटात ब्रेक सतत दाबला की असा मसाला तापून पकड सोडतो. पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. भीती या तिसऱ्याची आहे, सरसकट बाहेरच्या मालाची नव्हे.

तेव्हा आपल्या मॉडेलचेच पॅड माहितीच्या दुकानातून, पक्क्या बिलाने घ्यावेत. जुने पॅड डोळ्यांदेखत काढून घ्यावेत. मसाला ३ मिलिमीटरवर आला की चालढकल नको. डाव्या-उजव्या चाकांचे पॅड एकदमच बदलावेत, डिस्कही पाहून घ्यावी. नवे पॅड बसेपर्यंत पहिले २००-३०० किलोमीटर करकचून ब्रेक मारू नये. घाट उतरताना गिअर खालचाच ठेवावा.

बेणे घेताना आपण डोळा न् डोळा पाहतो. ज्या गाडीत घरची माणसे बसतात, तिच्या ब्रेकची तेवढी तरी पारख करावी.