‘हे कशावरून ?’ : प्राथमिक स्तरावरील डायनोसॉरविषयक कृतियुक्त अध्यापन आणि रेवदंडा परिसर

गोषवारा :
डायनोसॉर हा प्राथमिक शाळेतील मुलांच्या अतिशय आवडीचा विषय आहे. परंतु बहुतेक वेळा तो नावे पाठ करणे, चित्रे रंगवणे आणि प्रतिकृती बनवणे यांपुरताच मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात रायगड किनाऱ्यावरील रेवदंडा परिसरात सहज मिळणाऱ्या साधनांच्या आधारे काही कृतींचे विवेचन केले आहे. मुलांना पुराव्यावरून अनुमान करण्याची सवय लावणे हा या कृतींचा मुख्य हेतू असावा, अशी भूमिका येथे मांडली आहे.

बीजसंज्ञा : कृतियुक्त अध्ययन, जीवाश्म, पुरावा, कालसंकल्पना, परिसर अभ्यास

प्रस्तावना :
१९९३ साली प्रदर्शित झालेल्या ‘ज्युरासिक पार्क’ या चित्रपटानंतर डायनोसॉर घराघरांत पोहोचला. आज दुसरी-तिसरीतील मूलही चार-पाच डायनोसॉरांची नावे सहज सांगते. मात्र ही नावे बहुधा अमेरिकेत किंवा चीनमध्ये सापडलेल्या प्राण्यांची असतात. महाराष्ट्राच्या मातीतही डायनोसॉरांचे अवशेष मिळाले आहेत, याची कल्पना मुलांना नसते आणि पुष्कळदा शिक्षकांनाही नसते. त्यातून डायनोसॉर ही परदेशातील आणि पडद्यावरील गोष्ट आहे, असा समज दृढ होतो. विज्ञान हे दुसरीकडे कोठेतरी घडते, असे मूल नकळत गृहीत धरते. प्राथमिक स्तरावर रुजलेला हा समज पुढे महाविद्यालयापर्यंत टिकतो, म्हणून या प्रश्नाकडे महाविद्यालयीन अध्यापकांनीही लक्ष देणे अगत्याचे आहे.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी :
जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारणपणे सात ते अकरा या वयातील मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेत असते. प्रत्यक्ष वस्तू हाताळताना ते तर्क करू शकते, केवळ शब्दांच्या आधारे करणे त्याला अवघड जाते. जेरोम ब्रूनर यांनीही कृती, प्रतिमा आणि प्रतीक असा ज्ञानाचा क्रम सांगितला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला. म्हणजेच कोकण किनाऱ्यावरील शाळेला डायनोसॉर शिकवण्यासाठी महागड्या संचांची आवश्यकता नाही.

रेवदंड्याचा खडक आणि डायनोसॉर :
येथे शिक्षकाने एक गोष्ट प्रथम स्पष्ट करावी. रेवदंड्याच्या काळ्या खडकात डायनोसॉरची हाडे सापडणार नाहीत. हा खडक बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. जीवाश्म प्रामुख्याने गाळाच्या खडकांत टिकतात, कारण मृत प्राण्याचे अवशेष चिखलाखाली किंवा वाळूखाली लवकर गाडले जाणे त्यासाठी आवश्यक असते. दख्खनच्या लाव्ह्याचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले. पक्षी वगळता अन्य डायनोसॉर याच सुमारास नष्ट झाले.

या लाव्ह्याखाली काही ठिकाणी ‘लामेटा’ नावाचे गाळाचे थर आढळतात. भारतातील डायनोसॉरचे पहिले अवशेष १८२८ साली जबलपूर येथे विल्यम स्लीमन यांना मिळाले, ते याच थरांत. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा व डोंगरगाव येथेही हे थर उघडे पडले आहेत. डोंगरगाव येथील अवशेषांवरून १९९७ मध्ये एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. २००३ पासून तो ‘इसिसॉरस’ या नावाने ओळखला जातो. रेवदंड्याच्या मुलाला म्हणून असे सांगता येते की, हाडे आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. पण डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात सुरू झालेल्या ज्वालामुखी घडामोडींचा खडक आपल्या पायाखाली आहे.

डायनोसॉर नष्ट का झाले, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळला, हे प्रमुख कारण बहुतेक संशोधक मानतात. त्यात दख्खनच्या ज्वालामुखीचा वाटा किती, यावर अद्याप चर्चा चालू आहे. ही चर्चा मुलांपासून लपवू नये. शास्त्रज्ञांतही मतभेद असतात आणि ते पुराव्यावरून सोडवले जातात, हे कळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

कृतींचे स्वरूप :

१) काळाची दोरी :
४६ मीटर लांबीची दोरी ओहोटीच्या वेळी पुळणीवर किंवा शाळेच्या मैदानात पसरावी. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे असे प्रमाण धरल्यास दोरीचे एक टोक पृथ्वीचा जन्म आणि दुसरे टोक आजचा दिवस ठरते. डायनोसॉरांचा उदय आजच्या टोकापासून सुमारे २.३ मीटरवर येतो, तर त्यांचा अंत ६६ सेंटिमीटरवर. आधुनिक मानवाचा सुमारे तीन लाख वर्षांचा इतिहास केवळ तीन मिलिमीटरमध्ये मावतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला रेवदंड्याचा किल्ला मुलांच्या दृष्टीने अतिप्राचीन. पण या दोरीवर त्याचे वय केसाच्या जाडीहूनही कमी भरते. माणूस आणि डायनोसॉर एकत्र राहत होते, हा चित्रपटांतून आलेला समज येथे वेगळा खुलासा न करताच दूर होतो.

२) शेणी आणि पुरावा :
वाळलेली शेणी फोडून त्यातील गवताचे व पेंढ्याचे तंतू भिंगाखाली पाहण्यास सांगावे. गाय पाहिली नसती तरी ती काय खात होती, हे सांगता येईल का, असा प्रश्न विचारावा. त्यानंतर पिसदुऱ्याचा दाखला द्यावा. तेथे मिळालेल्या अश्मीभूत विष्ठेत गवतातील सिलिकेचे सूक्ष्म कण आढळले आणि हे संशोधन २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळात गवत अस्तित्वात होते, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. ग्रामीण मुलाला परिचित असलेली शेणी आणि जागतिक दर्जाचे संशोधन यांतील तर्क एकच आहे.

३) पुळणीवरील पावले :
ओल्या वाळूवर कुत्रा, बगळा, खेकडा यांच्या पाऊलखुणा मुलांनी शोधाव्यात व वहीत काढाव्यात. नंतर स्वतः चालून आणि धावून दोन पावलांमधील अंतर मोजावे. प्रत्येकाने आपल्या पावलाची लांबी व कमरेच्या सांध्याची उंची मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ साली डायनोसॉरांचा वेग काढताना त्यांच्या कमरेची उंची पावलाच्या सुमारे चौपट धरली होती. मुलांचे स्वतःचे गुणोत्तर याहून वेगळे येऊ शकते. ते का, याची चर्चा करावी. भरती आल्यावर बहुतेक खुणा पुसल्या जातात. टिकून राहिलेली खूण किती दुर्मीळ असते, हे मुले त्या वेळी डोळ्यांनी पाहतात.

४) अपुरे उत्खनन :
बाजारातील संचात संपूर्ण सांगाडा प्लास्टरमध्ये दडवलेला असतो. त्यातून हाडे अखंड आणि जागच्या जागी मिळतात, असा चुकीचा बोध होतो. त्याऐवजी मोठ्या परातीत लाल माती, वाळू व चिकणमाती यांचे थर देऊन त्यांत उकळून स्वच्छ केलेली कोंबडीची व माशाची हाडे पुरावीत. काही हाडे मुद्दाम वगळावीत, काही मिसळावीत. हाड उचलण्यापूर्वी त्याची जागा व खोली नोंदवणे सक्तीचे ठेवावे. कोणता थर आधीचा, हाड कोणत्या प्राण्याचे, काय हरवले आहे, यांवर गटांनी वाद घालावा. कोंबडीच्या पायाची पुढील तीन बोटे आणि छातीजवळील दुबेळक्याच्या आकाराचे हाड दाखवून पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत, हे सांगता येते. शाकाहारी कुटुंबांतील मुलांसाठी शंख-शिंपले आणि त्यांचे चिकणमातीतील ठसे हा पर्याय ठेवावा.

५) एकच हाड :
प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेपलीकडे आजच्या तेलंगणात, ‘बारापासॉरस टागोराय’ या डायनोसॉरचे अवशेष मिळाले. रवींद्रनाथ टागोर यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास हे उत्खनन झाले आणि १९७५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याच्या मांडीचे एक हाड १.७ मीटरहून लांब होते. तेवढ्या लांबीचे हाड पुठ्ठ्यातून कापून भिंतीला टेकवावे आणि प्रत्येक मुलाने त्याच्याशेजारी उभे राहावे. संपूर्ण प्राण्याची लांबी अंदाजाने सांगावी लागते. हे हाड मात्र प्रत्यक्ष मोजलेले आहे. दोरीवर बारापासॉरस आणि इसिसॉरस यांच्यात एक मीटरहून अधिक अंतर पडते, म्हणजे इसिसॉरस बारापासॉरसपेक्षा आपल्याला काळाने अधिक जवळचा आहे.

मूल्यमापन :
या कृतींचे मूल्यमापन नावांच्या पाठांतरावर करू नये. मुलांच्या वहीत ‘पाहिले’, ‘अनुमान केले’ आणि ‘कल्पना केली’ असे तीन रकाने असावेत. हाडाची लांबी पहिल्या रकान्यात जाईल, आहार दुसऱ्या रकान्यात आणि चित्रातील इसिसॉरसचा रंग तिसऱ्या रकान्यात. एखादे विधान कोणत्या रकान्यात घालावे यावर वर्गात मतभेद झाले, तर शिक्षकाने निर्णय देण्याची घाई करू नये. ‘हे कशावरून ?’ एवढाच प्रश्न विचारावा. हाच प्रश्न मुलाने उलट शिक्षकाला विचारला, तर कृती सफल झाली असे समजावे.

मर्यादा व दक्षता :
किनाऱ्यावरील कृती ओहोटीच्या वेळी आणि पुरेशा मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. किल्ल्याच्या तटाचा दगड फोडू नये. सुट्या दगडाचे निरीक्षण पुरेसे आहे. एका दिवसात सर्व कृती उरकल्यास त्यांचा केवळ खेळ होतो, म्हणून त्या काही आठवड्यांत विभागाव्यात. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकावर याचा भार पडतो, हेही मान्य केले पाहिजे. येथे महाविद्यालयांना वाव आहे. भूगोल व प्राणिशास्त्र विभागांनी खडकांचे व हाडांचे नमुने लेबलांसह जवळच्या शाळांना फिरत्या पेटीच्या स्वरूपात द्यावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना गटप्रमुख म्हणून पाठवावे. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

समारोप :
डायनोसॉर हे प्राथमिक शाळेत शिकवण्याचे साधन आहे. साध्य आहे ती पुरावा मागण्याची वृत्ती. ऐकीव माहितीचा सुळसुळाट असलेल्या काळात ही वृत्ती लहान वयातच घडवणे गरजेचे आहे. पायाखालचा बेसाल्ट, पुळणीवरील पाऊलखूण आणि गोठ्यातील शेणी या तीन गोष्टी रेवदंड्याच्या मुलाला उपलब्ध आहेत. त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी देणे हे शिक्षकाचे काम आहे आणि शिक्षकाला ती दृष्टी मिळावी यासाठी साहाय्य करणे हे आपल्या महाविद्यालयांचे.