केसाने मोडणारी धार

सलूनमध्ये वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड घालायला हवं. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही टाळायचे तर तेच योग्य. जपानी वस्तरा, म्हणजे कामिसोरी, वेगळा: मिटत नाही, मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडलेलं, दोन्ही बाजू असमान.

वस्तरा कोणताही असो, केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ, तरी धार बोथट करतो! वाकलेला केस कडेने रेटतो आणि पोलादाची रचना असमान असेल तिथे सूक्ष्म टवका उडतो, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. किती सुंदर उकल!

म्हणून दाढी भरपूर भिजवा, कातडी ताणा, पातं साधारण ३० अंशांत हलकेच फिरवा. सुरुवात गालापासून करा, हनुवटी नंतर. आणि स्वतःचा वस्तरा कुणालाही वापरायला देऊ नका.