सात मिलिमीटरांचा हिशेब

खिशातलं रुपयाचं नाणं काढा. व्यास जवळजवळ २२ मिलिमीटर. आता खिडकीच्या गजावर, कुंडीच्या कडेवर नाहीतर देवघरामागच्या भिंतीवर तो केसाळ, थांबत थांबत झटक्यानं पुढे सरकणारा कोळी शोधा. जाळं विणून वाट बघत बसणं त्याच्या स्वभावात नाही. शिकार दिसली की दबा, आणि दबा धरला की उडी! आपल्या घरांत सहज भेटणारा हासारियस अडान्सोनी हा त्यातलाच. लांबी धरा ७ मिलिमीटर. रुपयावर असे तीन एका रांगेत उभे राहतील आणि वर थोडी जागा उरेल.

आता खरी गंमत. साडेपाच फुटी माणूस या कोळ्याच्या २४० पट. हा २४० जपून ठेवा, सगळा खेळ त्याच्यावरच मांडायचा आहे. खोलीची दहा फुटी भिंत गुणिले २४०, झाले सुमारे ७३० मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर. म्हणजे साडेआठ राजाबाई टॉवर एकावर एक रचायचे, आणि हा पठ्ठ्या मागे रेशमाचा दोर सोडत सरळ वर! वर पोचला की छताला उलटा चालायला लागतो ते वेगळंच. तीस फुटांचं अंगण त्याला जवळजवळ सव्वादोन किलोमीटर पडतं. घरापासून एसटीचा थांबा सव्वासहाशे मीटरांवर असेल, तर गुणून बघा: दीडशे किलोमीटर. मुंबई ते पुणे! तेही टोल न भरता.

आणि उडी? २०१८मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी किम नावाच्या एका कोळिणीला चक्क उडी मारायला शिकवलं आणि वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं. जात आपल्याकडची नाही, फिडिपस रेगियस, अंगानं दुप्पट. जागच्या जागी उभी राहून तिनं शरीराच्या सहापट अंतर मारलं. आपण सहापट मारायची ठरवली तर दहा मीटर. माइक पॉवेलनं १९९१मध्ये लांब उडीचा विश्वविक्रम केला तो ८.९५ मीटरांचा, आणि तो बिचारा लांबून पळत आला होता! गावातली तीस फुटी विहीर डोळ्यांसमोर आणा. या काठावर उभे राहा, पळायचं नाही, आणि पलीकडच्या काठावर उतरा. वर तीन फूट शिल्लक. उडताना किमच्या पायांवर वजनाच्या पाचपट जोर येत होता. सत्तर किलोच्या माणसाला तो साडेतीन क्विंटल, म्हणजे पन्नास किलोच्या कांद्याच्या सात गोण्या. एवढं सोसणारे पाय बनतात कसे ते शास्त्रज्ञ जाणोत. आपण आकडा ऐकायचा आणि आ वासायचा.

डोळे आठ. मागून कुणी आलं तरी चाहूल लागते, पण कमाल पुढच्या दोन मोठ्यांची. पोर्शिया या त्याच्या भाऊबंदाच्या डोळ्याची बारकाई ०.०४ अंश मोजली आहे. एवढ्याशा कोनात रुपयाचं नाणं मावायचं, तर ते ३१ मीटर लांब न्यावं लागेल. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरांची; त्याच्या दीडपट! चतुराची नजर याच्या दहापट जाडी. माणसाची सहापट बारीक, हे कबूल. पण आपला एकेक डोळा २४ मिलिमीटरांचा, म्हणजे त्या रुपयाहून मोठा आहे. अख्खा कोळी आपल्या एका बुबुळावर आडवा मावायला अडचण नाही, आणि तो बारकाईत आपल्यापासून फक्त सहा पावलं मागे!

हे सगळं फोटोत धरायला जाल तेव्हा घाम फुटतो. दुप्पट मोठं करणारी मॅक्रो लेन्स लावली की फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीत अठरा मिलिमीटर रुंदीचं जग येतं. रुपया मावत नाही त्यात! स्पष्ट दिसणारा थर किती जाड? एफ ८वर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. वहीचे तीन-चार कागद एकावर एक ठेवा, झाला तुमचा फोकस. श्वास घेतला की कोळी गेला थराबाहेर. नाकापासून शेपटापर्यंत सगळा कोळी धारदार हवा, तर एकेका थराच्या जाडीनं पुढे सरकत निदान वीस फोटो काढून एकत्र जोडायचे, आणि मधल्या काळात त्यानं हलायचं नाही! तो हलतो. बहुधा तुमच्याकडेच वळतो, मान वाकडी केल्यासारखं अंग तिरकं करून तुम्हाला न्याहाळतो, आणि कधीकधी थेट लेन्सवर उडी टाकतो. हे वळणं हीच फोटोग्राफरची कमाई. समोरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरून, फ्लॅशपुढे पातळ पांढरा कागद धरून काढलेला फोटो पाहा: नराचे पुढचे दोन स्पर्शपाद अंशतः पांढरे, अंग काळं, पाठीवर पांढरी कोर. फिकट अंगाच्या जाती असतील तर मोठा डोळा एका फोटोत काळा कुळकुळीत आणि पुढच्याच फोटोत मधाच्या रंगाचा. भिंग जागचं हलत नाही. आतली दृष्टिपटलाची नळी स्नायूंनी इकडेतिकडे फिरते, तेवढ्यानं ही जादू. बाजूनं काढलेला असाच फोटो चाळीस फुटी होर्डिंगवर लावा. सात मिलिमीटरांचा कोळी होतो पावणेपाच मीटरांचा. चार मीटरांची मोटार त्याच्याखाली उभी केली तर आखूड पडेल!

फोटो काढताना खुर्ची मात्र सरकवू नका. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात खुर्चीच्या करकरीनं कोळ्याच्या मेंदूतल्या पेशी दचकल्या, आणि २०१६मध्ये सिद्ध झालं की कान नसलेला हा प्राणी तीन मीटरांवरून ऐकतो. मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा! तीन मीटर गुणिले २४०? सातशे वीस मीटर. एका थांब्यावरची कुजबुज पुढच्या थांब्यावर पोचावी तसं.

आता एकटा सोडा, कूळ मोजू. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या नोंदलेल्या जाती सहा हजारांहून जास्त. जगातले सगळे सस्तन प्राणी, चिचुंद्रीपासून निळ्या देवमाशापर्यंत, जातींच्या हिशेबात जेमतेम तेवढेच भरतात. रोज एक जात शिका. पहिलीच्या वर्गात सुरुवात केली तर एम. ए. होईपर्यंत पुरतील. आणि यादी थांबलेली नाही. एप्रिल २०२२मध्ये जगातल्या सगळ्या कोळ्यांची नोंद ५०,०००वर गेली. ती पन्नास हजारावी जात कुठली? उड्या मारणाऱ्यांचीच! त्याच्या आदल्या वर्षी ठाणे-कल्याण पट्ट्यात एक नवी जात जाहीर झाली: आयसियस तुकारामी, २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवरच्या हल्ल्यात दहशतवादी कसाबची बंदूक पकडून ठेवणाऱ्या पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या नावानं. रोज लाखो माणसं त्या पट्ट्यातल्या स्थानकांवर लोकल पकडतात, आणि २०२१पर्यंत या जातीला नाव नव्हतं.

उंचीचं काय? १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेतले निसर्गअभ्यासक हिंग्स्टन यांना ६,७०० मीटरांवर उड्या मारणारा कोळी सापडला होता. कळसूबाई १,६४६ मीटर. चार कळसूबाई रचा, वर राजाबाई टॉवर ठेवा, तरी तीस मीटर कमीच पडतात!

आणि आता सगळे कोळी एकत्र, जाळंवाले, बिळातले, उड्यावाले, अख्ख्या पृथ्वीवरचे. २०१७मध्ये निफेलर आणि बिर्कहोफर या संशोधकांनी अंदाज मांडला: हे सगळे मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन शिकार फस्त करतात. त्यांचं स्वतःचं वजन अडीच कोटी टन. ४० कोटी टन मालगाडीत भरू. एका गाडीत चार हजार टन धरा. एक लाख गाड्या. एक गाडी साडेसहाशे मीटर. एकामागे एक लावल्या तर पासष्ट हजार किलोमीटर, पृथ्वीला दीड फेरा घालून वर उरतील. मुंबई-पुण्याच्या १९२ किलोमीटरांच्या मार्गावर उभ्या करायच्या, तर शेजारी शेजारी ३३९ रूळमार्ग लागतील. धावत्या सोडा: रात्रंदिवस, तीनशे पासष्ट दिवस, दर सव्वापाच मिनिटांनी माश्या-किड्यांनी गच्च भरलेली एक मालगाडी! आणि हा खालचा आकडा आहे. वरचा, ८० कोटींचा घेतला तर दर अडीच-पावणेतीन मिनिटांनी एक. गर्दीच्या वेळची लोकलही आपल्याला इतक्या झटपट मिळत नाही.