लंडनचा टॅक्सीवाला आणि मेंदूतला समुद्रघोडा

एलिनॉर मॅग्वायर यांनी टॅक्सी ड्रायव्हर्सचे मेंदू स्कॅन केले आणि जगभर गाजल्या. पण त्यांचं खरं मोठेपण त्या गाजलेल्या पेपरच्या नंतर सुरू होतं...

खरं सांगा, एखादा रस्ता तुम्ही शेवटचा कधी पाठ केला होता? म्हणजे फोनमधल्या त्या बाईंनी 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' असं न सांगता? नाही आठवत ना? डोन्ट वरी, आपली सगळ्यांचीच ही कथा आहे. पण लंडनमध्ये एक मंडळी अशी आहेत, की जी सुमारे २५ हजार रस्ते डोक्यात घेऊन फिरतात. तिथल्या काळ्या टॅक्सीचे ड्रायव्हर!

ही टॅक्सी चालवायचं लायसन्स म्हणजे चेष्टा नाही. त्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिचं नावच आहे 'द नॉलेज'. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सगळे रस्ते, शिवाय हॉटेलं, हॉस्पिटलं, थिएटरं, पोलीस स्टेशनं... सगळं पाठ. ठरवून दिलेले ३२० मार्ग असतात. उमेदवार मोपेडवर बसून, समोर क्लिपबोर्ड लावून, ऊन-पावसात ते पालथे घालतात. मग सुटाबुटात परीक्षकासमोर बसायचं आणि 'इथून तिथं कसं जाल?' याचं उत्तर वळणावळणासकट तोंडी द्यायचं. नकाशा नाही, फोन नाही. यात तीन-चार वर्षं सहज जातात आणि बरेच जण मध्येच सोडून देतात.

आता हे सगळं ज्या डोक्यात मावतं, ते डोकं आतून दिसतं तरी कसं? हा प्रश्न एलिनॉर मॅग्वायर यांना पडला.

रस्ते चुकणारी रिसर्चर

मॅग्वायर मूळच्या डब्लिनच्या. जन्म १९७०चा. शिक्षण मानसशास्त्राचं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, क्वीन स्क्वेअरच्या ब्रेन इमेजिंग लॅबमध्ये त्यांनी करिअर केलं. गंमत म्हणजे, रस्ते शोधण्याच्या बाबतीत आपण अगदीच ढ आहोत, असं त्या स्वतःच सांगायच्या! 'नॉलेज'च्या उमेदवारांवरची एक फिल्म त्यांनी टीव्हीवर पाहिली आणि इथेच त्यांची ट्यूब पेटली.

मेंदूत कानाच्या साधारण पातळीवर, खोल आत, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतून आलेलं हे नाव. आठवणी साठवणं आणि जागांचं भान ठेवणं, दोन्हीत त्याचा मोठा हात. १९९७ मध्ये मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की टॅक्सीवाले लंडनमधला एखादा मार्ग आठवून सांगतात तेव्हा त्यांचा उजवा हिप्पोकॅम्पस कामाला लागतो.

मग आला २००० सालचा तो फेमस पेपर. १६ टॅक्सी ड्रायव्हर आणि टॅक्सी न चालवणारे ५० पुरुष यांचे एमआरआय स्कॅन शेजारी शेजारी ठेवले गेले. टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा निघाला, पुढचा भाग मात्र लहान. आणि जितकी वर्षं जास्त टॅक्सी चालवलेली, तितका हा फरक जास्त!

तेव्हा समज असा होता, की मोठं झाल्यावर मेंदूची घडण ठरून गेलेली असते. त्याला या पेपरनं सणसणीत धक्का दिला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, पाठ्यपुस्तकांनी उदाहरण उचललं. २००३ मध्ये तर या कामाला 'इग नोबेल'सुद्धा मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

पण कशावरून?

दुसरं कुणी असतं तर याच एका पेपरवर आयुष्यभर भाषणं देत फिरलं असतं. मॅग्वायर यांनी उलटं केलं. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी सुरू केली. त्यांचे पुढचे पेपर ओळीनं पाहिले, की ही गोष्ट लख्ख दिसते.

पहिली शंका: हा परिणाम रस्ते पाठ करण्याचा, की नुसत्याच ड्रायव्हिंगचा? ट्रॅफिकचा ताण, दिवसभर एका जागी बसणं, हेही कारण असू शकतं की! म्हणून २००६ मध्ये त्यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना लंडनच्या बस ड्रायव्हर्सशी केली. तेच शहर, तोच ट्रॅफिक, पण बसचा रूट ठरलेला. हिप्पोकॅम्पसमधला तो फरक टॅक्सीवाल्यांतच दिसला.

दुसरी शंका: ज्यांची स्मरणशक्ती अफाट, त्यांचे मेंदू मुळातच वेगळे असतात का? याचं उत्तर त्यांनी २००३ मध्येच शोधलं होतं. स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धा गाजवणाऱ्यांसह दहा जणांना त्यांनी तपासलं. त्यांची बुद्धी काही जगावेगळी नव्हती, मेंदूची रचनाही चारचौघांसारखीच. मग फंडा काय? दहापैकी नऊ जण एक जुनी युक्ती वापरत होते. ओळखीच्या वाटेवरून मनातल्या मनात चालायचं आणि लक्षात ठेवायची एकेक गोष्ट त्या वाटेवर ठेवत जायची.

तिसरी शंका सगळ्यात खतरनाक: ज्यांचा हिप्पोकॅम्पस जन्मतःच मोठा, तेच लोक टॅक्सीवाले होत असतील तर? म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं? याला शॉर्टकट नव्हता. कॅथरीन वूलेट यांच्यासोबत मॅग्वायर यांनी 'नॉलेज'ची तयारी नुकतीच सुरू केलेले ७९ उमेदवार आणि इतर ३१ जण स्कॅन केले. सुरुवातीला कुणातच फरक नव्हता. मग तीन-चार वर्षं थांबल्या. ७९ पैकी ३९ जण पास झाले. पुन्हा स्कॅन केल्यावर दिसलं, की जे पास झाले त्यांच्याच हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात वाढ झालीय. नापास झालेल्यांत नाही, इतरांतही नाही. हा पेपर आला २०११ मध्ये. म्हणजे एका प्रश्नाचा पिच्छा पुरवायला अकरा वर्षं!

फुकट काहीच नाही

आणखी एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. टॅक्सीवाले लंडनच्या बाबतीत बाप, पण एखादी नवी, गुंतागुंतीची आकृती दाखवून थोड्या वेळानं आठवून काढायला सांगितली, की ते मागे पडत. एका गोष्टीत तरबेज होण्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागत असावी. 'मेंदू वाढवा' म्हणून ॲप विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ही ओळ सापडणार नाही.

मॅग्वायर यांचा प्रभाव टॅक्सीपुरताच नाही. २००७ मध्ये त्यांच्या टीमनं हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पेशंट्सना सांगितलं, 'कल्पना करा, तुम्ही एका सुंदर बीचवर पडला आहात. काय दिसतंय?' बहुतेकांना ते चित्र उभंच करता येईना. नुसते सुटे सुटे तुकडे. म्हणजे आठवणं आणि कल्पना करणं ही सख्खी भावंडं निघाली. 'सायन्स' या नियतकालिकानं त्या वर्षीच्या दहा मोठ्या शोधांत या कामाची गणना केली. पेपरवर पहिलं नाव होतं त्यांच्या एका पीएचडी विद्यार्थ्याचं: डेमिस हसाबिस. हो, तेच! २०१० मध्ये 'डीपमाइंड' सुरू करणाऱ्यांपैकी एक, आणि २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

जानेवारी २०२५ मध्ये, अवघ्या ५४व्या वर्षी, मॅग्वायर गेल्या. त्यांचे पेपर इतर संशोधकांनी हजारो वेळा उद्धृत केले आहेत. संशोधकाचं वजन मोजायची ही रूढ पद्धत, अप्रेझलच्या रेटिंगसारखीच. पण रेटिंगमध्ये माणूस कुठे पूर्ण दिसतो? गाजलेल्या पेपरनंतर 'पण कशावरून?' असं स्वतःलाच विचारत राहणं, हे कुठल्या आकड्यात बसवणार?

आपल्यासाठी यात काय? 'आता या वयात काय नवीन शिकणार' हे वाक्य तिशीतच आपल्या तोंडी येतं. ते उमेदवार मोठी माणसं होती, नोकरीधंद्याच्या वयाची, आणि त्यांचा मेंदू बदलला. फक्त वीकएंडच्या वर्कशॉपमध्ये नाही, तर मोपेडवर, पावसात, तीन-चार वर्षांत.

तेव्हा उद्या ऑफिसला जाताना एकदा फोन खिशात ठेवून बघा. त्यानं मेंदू वाढेल अशी गॅरंटी कुणीच देणार नाही. पण आपलं शहर आपल्या डोक्यात किती उरलंय, ते तरी कळेल!