पत्र्यातून निसटलेला अनुस्वार

दारावर लावण्यासाठी ‘आनंद’ या नावाची पाटी करायची असते. संगणकाच्या पडद्यावर ती सुबक दिसते आणि सीएनसी प्लाझ्मा यंत्र 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून ती पाहता पाहता कापूनही देते. मात्र पाटी उचलावी, तर हाती येते ‘आनद’. अनुस्वार खाली भंगारात पडलेला असतो.

रोमन अक्षरे सुटी असतात; देवनागरीत शिरोरेषा साऱ्या शब्दाला एकसंध धरून ठेवते. पत्रा कापणाऱ्यास ही मोठीच सोय. परंतु रेषेवरच्या टिंबाला आधार नसतो. त्याला बारीक दांडीने रेषेशी जोडावे लागते. उलट, पत्र्यात अक्षरांची जाळी पाडायची असेल तर ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. यंत्राला अक्षर कळत नाही. त्याला फक्त रेषा कळते.

वीज आणि दाबाखालची हवा बारीक छिद्रातून एकत्र बाहेर पडतात, तेव्हा सुमारे 20,000 अंश सेल्सिअसची ज्योत तयार होते. ती लोखंड वितळवते व झोताबरोबर उडवून लावते. कापताना सुमारे दीड मिलिमीटर लोखंड ज्योतच खाते. काट्यावर माल तोलणाऱ्या घराण्यांना ‘घट’ हा शब्द नवा नाही. येथे ती आराखड्यातच धरावी लागते. बाहेरच्या रेषेवर ज्योत निम्म्या घटीइतकी बाहेरून न्यायची, छिद्रात तितकीच आतून. आधी आतली छिद्रे, मग बाहेरची कड; क्रम उलटला की सुटलेला तुकडा हलतो आणि छिद्रे भलतीकडे जातात. पहिला छेदही टाकाऊ भागात घ्यायचा, कारण तेथे पत्रा ओबडधोबड वितळतो.

इंकस्केप किंवा फ्रीकॅड ही आरेखनाची साधने विनामूल्य मिळतात. संध्याकाळचा तासभर दिला तर काही आठवड्यांत हात बसतो, आणि या कामी घरातली शाळकरी मुले वडीलधाऱ्यांच्या पुढे असली तर नवल नाही. पत्र्याचा गेज बोटांनी ओळखणे मात्र आजोबांनाच साधते. “डिझाइन तर तयारच आहे, कापायला असा कितीसा वेळ?” असे म्हणून फॅब्रिकेटरशी घासाघीस करणारा व्यापारी स्वतः दोन पत्रे वाया घालवतो, तेव्हा त्या मजुरीतला न दिसणारा भाग त्याच्या ध्यानी येतो.

गोदामात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सहज हाताशी असतो. सरावासाठी तो घेऊ नये. त्याच्या धुराने अंगात ताप भरतो. कोणताही पत्रा कापताना डोळ्यांवर गडद काच हवी आणि जागा मोकळ्या हवेची हवी. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी रोज काढावे. दमट हवेने नोझल लवकर झिजते.

एवढे सांभाळून दुसरी पाटी कापायला घेतली की प्रश्न उरतो तो टिंबाच्या दांडीचा. बारीक ठेवली तर ती उष्णतेने वाकते, जाड ठेवली तर अनुस्वाराची मात्रा वाटू लागते. 3 मिलिमीटरच्या पत्र्याला साधारण तितक्याच रुंदीची दांडी ठेवून पाहावी.