शेजाऱ्यांना ताप

ओव्हरक्लॉकिंगचा विषय निघाला की नजर एकाच आकड्याकडे जाते: प्रोसेसरचं तापमान. मोठा कूलर बसवला, आकडा ऐंशी अंशांच्या आत राहिला, की गंगेत घोडं न्हालं. पण मदरबोर्डवर प्रोसेसर हा सगळ्यांत लाडाचा. सगळ्यांत मोठा पंखा त्याच्या डोक्यावर, तापमान मोजणारे सेन्सर त्याच्या पोटात, आणि फारच तापला तर आपला वेग आपणच उतरवायची सोयही त्याच्याकडे. वेग वाढवल्याचा भुर्दंड पडतो तो शेजाऱ्यांवर, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तक्रार करायला तोंडही नसतं.

सॉकेटच्या कडेला करड्या किंवा काळ्या चौकोनी ठोकळ्यांची रांग असते, ते चोक. त्यांच्यालगत नखाएवढे काळे मॉस्फेट आणि भोवती कपॅसिटरच्या बुटक्या डब्या. या सगळ्यांना मिळून व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवून प्रोसेसरला पोचवणं हे त्यांचं काम. आता हिशेब मांडू. प्रोसेसर ओढतो ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग ४.० गिगाहर्ट्झवरून ४.८ वर नेला, आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२ चं १.४ केलं, तर १०० वॅटचा प्रोसेसर साधारण १६३ वॅट ओढू लागतो. म्हणजे ८३ अँपिअरच्या जागी ११७. मॉस्फेटमधून प्रवाह वाहताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, तेव्हा तिथे ती जवळपास दुप्पट झाली. (चिपमधली गळती यात धरलेलीच नाही.) वेग वाढला वीस टक्के, तोही प्रोसेसरचा, आच दुप्पट झाली शेजारच्या घरात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कूलर दणकट असला की झालं. गोची नेमकी तिथेच आहे. बोर्डाकडे तोंड करून बसणारा साधा पंखा प्रोसेसरसोबत आजूबाजूच्या मॉस्फेटवरही थोडी हवा सांडतो. वॉटर कूलिंग लावलं की पंखे रेडिएटरसोबत कॅबिनेटच्या छताला जातात, प्रोसेसर गार पडतो आणि सॉकेटभोवतीची झुळूक थांबते. स्क्रीनवरचा आकडा सुधारलेला पाहून माणूस व्होल्टेज आणखी चढवतो. महागड्या बोर्डांवर भरपूर फेज, म्हणजे मॉस्फेट-चोकचे संच, आणि जाडजूड हीटसिंक असतात, त्यांना हे झेपतं, हे कबूल. पण ओव्हरक्लॉकिंगची मूळ ओढच कमी पैशांत जास्त वेग मिळवण्याची. तिथे बोर्ड बहुधा चार फेजचा आणि मॉस्फेट उघडे. ‘सहा महिने चालवतोय, काही झालं नाही’ हाही पुरावा नव्हे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा. झीज होत असते, ती सहा महिन्यांत दिसत नाही इतकंच. आणि मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे हा हिशेब वरच्या पायरीवरूनच सुरू होतो.

उष्णता ही एक वाट झाली. दुसरी वाट घड्याळाची, म्हणजे प्रोसेसर आणि शेजारी या सगळ्यांना ठोका देणाऱ्या सामाईक घड्याळाची. १९९८ च्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ने ओव्हरक्लॉकिंग घरोघरी नेलं. त्याचा गुणक, म्हणजे बोर्डावरच्या बसच्या वेगाला ज्याने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो तो आकडा, साडेचारवर कुलूपबंद होता, म्हणून लोक बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करत आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळे. १०० चा तिसरा हिस्सा ३३, आणि कार्डं जोडायच्या पीसीआय बसला ३३ च हवे असत, त्यामुळे सगळं सुरळीत. पण १०० झेपत नाही म्हणून कोणी ८३ वर थांबला, तर तिथे बोर्ड सहसा तिसऱ्याऐवजी निम्मा हिस्सा देई, म्हणजे पीसीआयला साडेएकेचाळीस. आता साऊंड कार्डापासून हार्ड डिस्कच्या कंट्रोलरपर्यंत सगळ्यांची फरफट. यातली डिस्कची चूक सगळ्यांत वाईट, कारण मशीन बंद पडत नाही. फायलींमध्ये चुकीच्या गोष्टी लिहिल्या जातात आणि कळतं ते कितीतरी दिवसांनी.

हे सगळं इतिहासजमा झालं, असं कोणी म्हणेल. घड्याळापुरतं ते बरंचसं खरं आहे. २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये एकाच मूळ घड्याळावर पीसीआय एक्स्प्रेस, साटा, यूएसबी सगळे टांगलेले होते, ते पाच-सात टक्क्यांपलीकडे हलवता येईना. म्हणून खुल्या गुणकाचे प्रोसेसर घ्यावे लागले, आणि त्यांत शेजाऱ्यांची घड्याळं जागच्या जागी राहतात. व्होल्टेजची भागीदारी मात्र उलट वाढली, कारण मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्याच पोटात आहे. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझेन ७००० प्रोसेसर जळाल्याचे फोटो फिरले, तेव्हा बोट गेलं ते या मेमरी कंट्रोलरला पुरवल्या जाणाऱ्या एसओसी व्होल्टेजकडे. मेमरी वेगाने चालावी म्हणून एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड ते व्होल्टेज गरजेपेक्षा वर नेत होते. एएमडीने मग त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. वेग वाढवला होता मेमरीचा. चिप खालून फुगली ती प्रोसेसरची, आणि तिच्याखाली सॉकेटच्या पिना काळ्या पडल्या.